हो म्हणणारा लोलक

लोलक हलला तसा सगळ्या हॉलने श्वास रोखून धरला, आणि मला नेमकी तेव्हाच जांभई आली. शेजारच्या मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी निमूट तोंडावर हात ठेवला.

हॉल म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला. दिवसा तिथे कुठल्याशा परक्या भाषेचे वर्ग चालत, भिंतीवर अजून क्रियापदांचे तक्ते लटकलेले होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ऑफिसातून थेट आलेली पोरंपोरी दाटीवाटीने बसली होती. कोणाच्या गळ्यात ओळखपत्र, कोणाच्या मांडीवर लॅपटॉपची बॅग. सगळे चांगले शिकलेसवरलेले, बँकेतले, विम्यातले, कारखान्यांतले इंजिनिअर. आणि सगळ्यांचं दुखणं एकच. व्यवस्थापन शिकवणाऱ्या मोठ्या संस्थांमध्ये अर्ज केलेले, परीक्षा झाल्या, मुलाखती झाल्या, आणि निकाल कधी लागणार ते कोणी सांगत नव्हतं. संस्थेच्या संकेतस्थळावर महिनोन्‌महिने एकच ओळ दिसायची, 'आपला अर्ज विचाराधीन आहे'. त्या ओळीने ह्या पोरांचा जीव टांगणीला लावला होता.

समोर लोलकवाले सर उभे होते. दाढी नाही, माळ नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, कॉलरला चिमुकला माइक. दोन्ही हात मात्र पाठीमागे बांधलेले, आणि ते सारखे वळून वळून दाखवायचे की हात मागेच आहेत.

"मी बाबा नाही, बुवा नाही," ते सांगत होते. "मी काहीच करत नाही. लोलक तुमच्या हातात, उत्तर तुमचं. निवड समितीने दार लावून निर्णय केव्हाच घेतलाय. निर्णय झाला की त्याची लहर सुटते, आणि त्या लहरीला दार, भिंत, कुलूप, काही म्हणजे काही आड येत नाही. निकाल लागायचाय तो तुमच्यापुरता. विश्वात तो लागून गेलाय."

विश्वात लागलेल्या निकालाची एक झेरॉक्स खालच्या दुकानातून मागवा की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

टेबलावर पांढरी पाटी, पाटीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा. उभीच्या टोकाला 'हो', आडवीच्या टोकाला 'नाही'. धाग्याला बांधलेला पितळी लोलक पाटीवर धरायचा, हात स्थिर ठेवायचा, प्रश्न मनात घोळवायचा आणि लोलकावर टक लावायची. बास. खुर्चीतल्या इंजिनिअरने तेच केलं. लोलक आधी नुसता थरथरला, मग हळूहळू उभ्या रेषेवर झुलायला लागला, चांगला वीतभर. तो दणकट गडी म्हणाला की मी खरंच हलवत नाहीये, आणि त्याचे डोळे भरून आले. मागून कोणीतरी हुंदका दिला.

मग माझी भाची उठली.

तिला आम्ही घरात बारकी म्हणतो. मी तिची मावशी. बारकी शाळेत असतानाच तिची आई, म्हणजे माझी बहीण, गेली. तेव्हापासून बारकी आणि तिचे बाबा माझ्या समोरच्याच घरात राहतात. मधे जिना आणि दोन दारं, तीही दिवसभर सताड उघडी. भाऊजी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. बोलणं कमी, काम बारीक. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मोडलेली, आखडलेली, लुळी पडलेली माणसं माझ्याकडे येतात आणि मी त्यांना ओरडून ओरडून हलतं करते. माझ्या तोंडाला सगळे घाबरतात, एक बारकी सोडून.

ही पोर विम्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे अपघात तपासायची आणि घरी येऊन अभ्यास करायची. दोन वर्षं तिने मान वर केली नाही. टेकडीवरच्या मोठ्या संस्थेत जायचं हे तिचं स्वप्न. मुलाखतही छान झाली म्हणाली. आणि मग सुरू झालं ते वाट पाहणं. अभ्यास करत होती तेव्हा ती थकायची, पण धडधाकट होती. वाट पाहायला लागली आणि आतून पोखरली गेली. फोन घेऊन न्हाणीघरात. फोन उशाखाली. ताटावर बसली की डाव्या हाताने पडदा ओढून ओढून तीच ओळ बघायची. वजन उतरलं, डोक्यावर कानामागे रुपयाएवढी जागा केस उपटून उपटून उघडी पडली. मी ओरडले की म्हणायची, मावशी, हात आपोआप जातो गं. पुढे हे वाक्य मला फार आठवलं.

त्यातच तिला वाट पाहणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला, फोनवरचा. सगळे समदुःखी. तिथून कळलं लोलकवाल्या सरांचं. ग्रुपमध्ये एक पोरगा होता, त्याला सगळे टक्केवाला म्हणत, कारण तो उठता बसता टक्के काढायचा. त्याने काढलं होतं की सरांच्या लोलकाने ज्यांना 'हो' सांगितलं, त्यांतल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना जागा मिळाली. आकडा ऐकल्यावर कोण कशाला थांबतंय. भाऊजींनी मला हळूच सांगितलं की तू एकदा तिच्याबरोबर जाऊन ये, म्हणून मी त्या खुर्चीत जांभया देत बसले होते.

बारकीने लोलक धरला. तिची बोटं मी ओळखते, नखं कुरतडून रक्ताळलेली. सरांनी हात मागे बांधून प्रश्न घातला, टेकडीवरच्या संस्थेने हिला घेतलंय का? लोलक थरथरला, डगमगला आणि उभ्या रेषेवर झुलायला लागला. हो. हो. हो. बारकी तिथेच ओणवी होऊन रडायला लागली, आणि अनोळखी मुली येऊन तिला मिठ्या मारू लागल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. जांभई त्यांनीही पाहिली असणार. म्हणाले, मावशी, तुम्हीही अनुभव घ्या. मी तावातावाने गेले. मनात म्हटलं, ह्याची पाटी ह्याच्या गळ्यात अडकवते. लोलक धरला, हात दगडासारखा केला, आणि प्रश्न धरला की भाचीला जागा मिळेल का.

लोलक हलला. माझ्या हातात, माझ्या डोळ्यांदेखत, उभ्या रेषेवर. सर हसले आणि म्हणाले की मावशी, शरीर खोटं बोलत नाही. मी परत जागेवर येऊन बसले, आणि जांभई पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे एक शिंपी आले. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात निर्जीव. त्यांच्या मनगटाखाली मी माझी बोटं ठेवते आणि सांगते, मूठ मिटा. मूठ मिटत नाही. पण मी बोटांनी ऐकत असते, आणि कधीतरी कातडीखाली एक बारीकशी सळसळ लागते. बाहेर काही दिसत नाही, त्यांना स्वतःलाही कळत नाही. पण मनाने हुकूम सोडलेला असतो आणि स्नायूने तो ऐकलेला असतो. त्या दिवशी ती सळसळ लागली, आणि मी त्यांचा हात हातात धरून तशीच उभी राहिले. शिंपी घाबरले, म्हणाले काय झालं बाई? मी म्हटलं, काही नाही, माझ्या डोक्यात उजेड पडतोय.

ते गेल्यावर मी दोऱ्याला एक लहान वजन बांधलं. हातात धरलं, समोर उभी रेषा मनात आणली. झुललं. आडवी आणली. आडवं झुललं. गोल म्हटलं, तर गोल. मी हलवत नव्हते, शपथेवर सांगेन. पण हात हलत होता. मग तेच वजन खांदा मोकळा करायच्या दोरीच्या हुकाला अडकवलं, समोर उभी राहिले आणि टक लावून विचारलं, सांग बाबा, मिळेल का जागा? ढिम्म. मी चहा करून आले तरी ढिम्म.

इतकंच होतं ते. मनात जे येतं त्याला हात नकळत दुजोरा देतो, इतका बारीक की आपल्याला पत्ता लागत नाही. लांब धागा त्या बारीक हालचालीला मोठं करून दाखवतो. सर खरोखरच काही करत नव्हते. करायची गरजच नव्हती. आधी सांगायचं की उभं म्हणजे हो, मग सांगायचं की टक लावा. उरलेलं काम गिऱ्हाईक फुकटात करतं, उलट त्याची फी भरून करतं.

मी आनंदाने उड्या मारत बारकीकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की सरांनी आम्हाला आधीच बजावलंय, घरातलं कोणीतरी असंच काहीतरी सांगायला येईल. झालं. बोलायच्या आधीच माझ्या तोंडाला कुलूप घालून ठेवलं होतं गृहस्थाने.

दिवस जात राहिले. निकाल येईना. 'हो'ची झिंग उतरली आणि बारकी ताटावर बसून पुन्हा तीच ओळ बघायला लागली. आणखी एक गोष्ट झाली. कारखान्यांच्या बाजूला एक लहान संस्था आहे, नावाजलेली नाही पण शिकवतात बरं. तिथे बारकीने असाच अर्ज टाकला होता. त्यांनी तिला जागा दिली आणि होकार कळवायला मुदत दिली. भाऊजींनी चाचरत सुचवलं की ही घेऊन तर ठेव. बारकी त्या आठवड्यात एकटीच सरांकडे गेली.

ह्या वेळी लोलक आडवा झुलला. नाही.

का नाही झुलणार? पोर भीतीने आतून गोठली होती. मनात रात्रंदिवस 'नाही' घोळत होतं, हाताने तेच वाचून दाखवलं. पण सरांचं गणित वेगळं. त्यांनी डोळे मिटले म्हणे आणि सांगितलं की लहर अडली आहे. दोन कारणं. एक, तू दुसरं दार उघडं ठेवलंस, म्हणून पहिलं उघडत नाही. ती लहान जागा सोड, स्वतःच्या हाताने नकार कळव. आणि दुसरं, घरात कोणाच्या तरी मनात शंका आहे.

मी संध्याकाळी दवाखान्यातून परतले तेव्हा भाऊजी जिन्यात उभे होते, हातात भरलेलं ताट. बारकीने दार लावून घेतलं होतं. ते चष्मा पुसत होते, आणि तो आधीच स्वच्छ होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले की ती म्हणते, माझ्यामुळे अडलंय.

"शंका तर आहे गं माझ्या मनात," भाऊजी म्हणाले. "सारखं येतं, नाही मिळालं तर ही पोर कशी सावरेल. मी दोन दिवस विचार न करायचा प्रयत्न करतोय. पण न करायचं म्हटलं की तोच येतो. तेवढ्याने तिचं अडत असेल, तर मी काय करू सांग."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका भल्या माणसाला त्या चोराने स्वतःच्या मनाचाच गुन्हेगार करून ठेवलं होतं. मी ताट त्यांच्या हातून घेतलं आणि दार वाजवलं नाही, सरळ ढकललं.

बारकी पलंगाच्या कडेला बसली होती, फोन दोन्ही हातांत. लहान संस्थेला नकार कळवायचं पान उघडलेलं. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा पाहून मिटलं.

"मावशी, मला आता हो नको आणि नाही पण नको," ती म्हणाली. "मला हे संपायला हवंय. सर म्हणतात ही जागा सोडली की संपेल. मग सोडते मी. तू मला अडवू नकोस, माझ्यात भांडायचं त्राण नाही."

मी तिच्या शेजारी बसले. ती रडतही नव्हती. इतकं हतबल मी तिला तिची आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं की उद्या मुदतीच्या आत एकदा माझ्याबरोबर हॉलवर चल. तिथे एक प्रयोग करू. माझं चुकलं तर मी स्वतः तुझ्याजवळ बसून नकाराचं बटण दाबते, आणि तुझ्या बाबांना माझ्या घरी राहायला नेते, शंकेसकट. ती मानेनेच हो म्हणाली. ताटातले दोन घास खाल्ले, तेही मला घालवून देण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल पुन्हा तुडुंब. निकालांचे दिवस जवळ आले तशी गर्दी वाढत होती. सर हात मागे बांधून लहरींवर आले तेवढ्यात मी उठून पुढे गेले आणि अगदी गरीब चेहरा करून विचारलं की सर, तुमच्या लोलकाला बंद दाराआडचं कळतं ना? ते म्हणाले, अर्थात. मी विचारलं, मग रुमालाआडचं? लोक हसले. सरही हसले, म्हणाले, मावशी, लहरीला भिंत अडत नाही तिथे रुमाल काय अडणार.

"मग एक सोपा प्रश्न विचारू," मी म्हटलं. "उत्तर आधीच माहीत असलेला. कारखान्यांजवळच्या संस्थेने माझ्या भाचीला जागा दिली आहे का? दिली आहे, हे तिलाही माहीत आहे, मलाही. लोलकाने 'हो' म्हणायलाच पाहिजे."

बारकीला मी दाराकडे तोंड करून उभं केलं. मग पुढच्या रांगेला बोटाने गप्प राहायची खूण केली, पाटी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी पाव फेरा फिरवली. 'हो'ची रेषा आता आडवी झाली आणि 'नाही'ची उभी. त्यावर मी माझा मोठा रुमाल पसरला. सर चटकन पुढे झाले, म्हणाले असं नाही, पद्धत असते. पण मागून एक जड आवाज आला, करू द्या की सर, लहरीला काय फरक पडतो? तो पहिल्या दिवशीचा इंजिनिअर होता.

बारकी आली. तिने रुमाल पाहिला, धागा धरला, डोळे लोलकावर लावले. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. लोलक थरथरला. मग झुलायला लागला, तिच्यापासून पलीकडे, पलीकडून तिच्याकडे, उभा, सुरेख, वीतभर. मी म्हटलं, हात तसाच ठेव गं, थांबवू नकोस. आणि रुमाल ओढून काढला.

लोलक 'नाही'वर झुलत होता. मिळालेल्या खऱ्याखुऱ्या जागेला तो ठासून नाही म्हणत होता.

बारकी पाटीकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला. लोलक हळूहळू बारीक झाला आणि थांबला, तेव्हा तिने तो खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं, दोन्ही बाजूंनी, परक्याचा असावा तसं.

सर म्हणाले की संशयी माणसाने पाटी हाताळली, लहर बिघडली. मी म्हटलं, ठीक आहे, मग तुमच्या हाताने रुमाल घाला, तुम्हाला हवी तशी पाटी फिरवा, बसणाऱ्याला दिसू देऊ नका, आणि सांगा लोलकाला रेषा शोधायला. ते म्हणाले आज वातावरण नाही. मग मी त्यांचाच लोलक उचलला, फळ्याच्या खिळ्याला अडकवला आणि म्हटलं, विचारा त्याला काहीही. हॉलभर माणसं त्या खिळ्याकडे बघत बसली. लोलक मेल्यासारखा लटकत राहिला. सर म्हणाले, खिळ्याला मन नसतं.

"हेच मी म्हणतेय," मी म्हटलं. "खिळ्याला मन नसतं म्हणून तो हलवत नाही. हिला आहे म्हणून ही हलवते. ही घाबरली की नाही येतं, हिला आशा वाटली की हो येतं. समितीच्या खोलीतलं ह्यात काही नाही. पोरांचीच भीती तुम्ही त्यांना निकाल म्हणून विकताय."

सरांनी शेवटचं शस्त्र काढलं. मग हे नव्वद टक्के कुठून आले? टक्केवाला उठून उभा राहिला, चष्मा सावरत, जरा अभिमानानेच. ग्रुपमध्ये ज्यांना 'हो' आलं होतं त्या सगळ्यांचा निकाल त्याने तपासला होता. मी त्याला विचारलं की ज्यांना जागा मिळाली नाही, ते ग्रुपमध्ये काय लिहितात? तो म्हणाला, ते काही लिहीत नाहीत, ते ग्रुप सोडून जातात. जवळजवळ सगळेच जातात, तशी पद्धतच पडली आहे. कोण कशाला थांबेल?

मग टक्के कोणाचे काढलेस, असं मी विचारलं.

त्याने फोनमधली यादी उघडली आणि नावं पुन्हा मोजायला लागला. हा पोरगा दिवसभर कंपनीत आकडेच बघतो, अशी चूक दुसऱ्याने केली तर त्याला फाडून खाईल. पण गेलेल्यांना त्याने मोजलं नव्हतं, कारण गेलेले दिसत नव्हते. तेवढ्यात मागची एक मुलगी हळू आवाजात म्हणाली की ती निळ्या पिशवीवाली इथे पहिल्या रांगेत बसायची. तिला तीनदा 'हो' आलं होतं. मग एक दिवस ग्रुपमधून गेली, आणि आपण कोणीच तिला फोन केला नाही.

त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. खुर्च्या सरकायला लागल्या. सर माइक काढत म्हणाले की ज्यांचा विश्वास आहे त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात खास बैठक आहे. त्यांचे हात आता पुढे आले होते, आणि घाईघाईने पाटी पिशवीत कोंबत होते.

बारकी जिना उतरून खाली आली, झेरॉक्सच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसली आणि तिथेच लहान संस्थेला होकार कळवला. घरी गेल्यावर ती सरळ भाऊजींच्या खोलीत गेली. मी दारातच थांबले.

"बाबा, तुम्ही हवी तेवढी शंका घ्या," ती म्हणाली. "पण इथेच बसा."

भाऊजींनी चष्मा काढला. ह्या वेळी तो पुसायची खरंच गरज होती.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती, पण टेकडीवरच्या संस्थेने तिला घेतलं नाही. आठवड्याभरात ती ओळ बदलली आणि तिच्या जागी खेदपूर्वक नकार आला. ती दिवसभर खोलीत पडून राहिली. आम्ही दोघं तिच्या दाराशी आळीपाळीने बसलो. वाट पाहणं संपलं होतं, आणि संपल्यावरही दुखत होतंच. लोलकाचं बिंग फुटलं म्हणून नकार हलका होतो, असं कोणी सांगत असेल तर तोही थापच मारतोय.

संध्याकाळी ती बाहेर आली, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. ग्रुप उघडला आणि मला दाखवून लिहिलं, "मला टेकडीवरच्या संस्थेत जागा मिळाली नाही. लोलकाने एकदा हो सांगितलं होतं, एकदा नाही. मी ग्रुप सोडत नाहीये."

मग इंजिनिअरने लिहिलं, मलाही नाही. त्याला पहिल्या दिवशी 'हो' आलं होतं, मी पाहिलं होतं. मग आणखी एकाने. मग टक्केवाल्याने लिहिलं की मी सोडून गेलेल्या सगळ्यांना फोन करतोय, टक्के नव्याने काढायचे आहेत, आणि ते कसे आहेत तेही विचारायचं आहे. दोन दिवसांनी निळ्या पिशवीवाली ग्रुपमध्ये परत आली. तिने एवढंच लिहिलं की मला वाटलं होतं, नाही मिळालेली मी एकटीच.

तो पितळी लोलक आता माझ्या दवाखान्यात आहे. सर घाईत खिळ्यावरच विसरून गेले, मी परत द्यायला गेले नाही. तो हुकाला टांगलाय. शिंपी व्यायाम करता करता कधीकधी त्याला विचारतात, हात परत चालेल का रे? तो ढिम्म. मग मी त्यांच्या मनगटाखाली बोटं ठेवते आणि म्हणते, त्याला काय विचारता, मूठ मिटा.

तुम्हीही कशाची वाट पाहत असाल, प्रवेशाची, नोकरीची, तपासणीच्या निकालाची, आणि कोणी तुम्हाला उत्तर आधीच सांगायला आलं, तर माझ्यासाठी दोन गोष्टी करा. त्याचा धागा एकदा हुकाला अडकवून बघा. आणि ज्यांना नाही मिळालं, त्यांना शोधून विचारा. ती माणसं कुठे गेलेली नसतात, दार लावून बसलेली असतात.